दशकुमारचरितातले खटले: वाशिमशी नातं सांगणाऱ्या काल्पनिक राज्यांत शिक्षा कशी ठरायची?

वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. साधारण दीड हजार वर्षांपूर्वी इथे वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी होती. अजिंठ्याची १६ क्रमांकाची लेणी कोरून घेणारा वराहदेव याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री होता. हरिषेणानंतर मात्र हे राज्य फार काळ टिकलं नाही. इसवी सन ५०० च्या आसपास ते इतिहासातून दिसेनासं होतं.

ते कसं बुडालं, याची हकीकत सांगणारा एकही शिलालेख नाही. पण एक गोष्ट आहे. संस्कृत लेखक दंडीच्या 'दशकुमारचरित' या ग्रंथात विदर्भाच्या एका राज्याच्या ऱ्हासाची कथा येते. ही कथा म्हणजे वत्सगुल्मच्या वाकाटकांच्या शेवटाची आठवण असावी, अशी मांडणी नागपूरचे संशोधक महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी केली. सगळ्या अभ्यासकांना ती मान्य नाही, पण तिची चर्चा आजही होते.

या ग्रंथाची आणखी एक गंमत आहे. त्यात शाप आहेत, अप्सरा आहेत, जादूची थैली आहे आणि त्याचबरोबर भरपूर गुन्हे, खटले आणि शिक्षाही आहेत. कुणी निर्दोष असून वधस्तंभाकडे चालला आहे, कुणी चोर असून राजदरबारात मान मिळवतो आहे. राज्यं काल्पनिक असली तरी न्याय कुठे चुकतो, हे दंडीने फार नेमकं दाखवलं आहे.

दशकुमारचरित म्हणजे नेमकं काय?

दंडी हा साधारण सातव्या-आठव्या शतकातला लेखक. दक्षिणेतल्या कांची शहराशी त्याचं नाव जोडलं जातं. म्हणजे वत्सगुल्मचं राज्य संपून तेव्हा सुमारे दोनशे वर्षं झाली होती.

ग्रंथाचा सांगाडा सोपा आहे. मगधाचा राजा राजहंस युद्धात हरतो आणि विंध्याच्या जंगलात आसरा घेतो. त्याचा मुलगा राजवाहन आणि नऊ मित्र, असे दहा कुमार वेगवेगळ्या दिशांना जातात, पुन्हा भेटतात आणि आपापली हकीकत सांगतात. आज मिळणाऱ्या ग्रंथाची सुरुवात आणि शेवट नंतरच्या लोकांनी जोडलेले आहेत. दंडीचा मूळ भाग आठ प्रकरणांचा. प्रकरणाला इथे 'उच्छ्वास' म्हणतात.

हे कुमार काही सोवळे नायक नाहीत. ते घरं फोडतात, वेशांतर करतात, राजांना फसवतात. त्यामुळे कोतवाल, तुरुंग आणि न्यायाधीश यांच्याशी त्यांची गाठ वारंवार पडते.

त्या काळी कायदा काय सांगत होता?

दंडीच्या गोष्टी समजायच्या तर आधी नियम माहीत हवेत. त्या काळच्या धर्मशास्त्रात खटल्याला 'व्यवहार' म्हणत. याज्ञवल्क्यस्मृतीनुसार त्याच्या चार पायऱ्या होत्या: फिर्याद, तिला प्रतिवादीचं उत्तर, पुरावा आणि निर्णय. मुख्य न्यायाधीशाला 'प्राड्विवाक' हे नाव होतं.

पुरावा तीन प्रकारचा: लेखी कागद, प्रत्यक्ष वहिवाट आणि साक्षीदार. यातलं काहीच नसेल तर 'दिव्य', म्हणजे देवाच्या साक्षीने घेतलेली परीक्षा. याज्ञवल्क्याने पाच दिव्यं सांगितली आहेत: तराजू, अग्नी, पाणी, विष आणि कोश. कोश म्हणजे देवाच्या मूर्तीला घातलेल्या स्नानाचं पाणी पिणं. मराठीत 'अग्निदिव्य' हा शब्द याच परंपरेतून आला.

शिक्षांचेही चार प्रकार होते. वाग्दंड म्हणजे तोंडी समज, धिग्दंड म्हणजे निर्भर्त्सना, धनदंड म्हणजे दंडाची रक्कम आणि वधदंड म्हणजे शारीरिक शिक्षा. शेवटच्या प्रकारात फटक्यांपासून हातपाय तोडण्यापर्यंत आणि देहदंडापर्यंत सगळं येई.

इथे एक गोष्ट विसरता येत नाही. हा कायदा सगळ्यांना सारखा नव्हता. गुन्हा एकच असला तरी वर्ण पाहून शिक्षा बदलत असे. ब्राह्मणाला देहदंड देऊ नये, असा सर्वसाधारण नियम होता. हा भेद दंडीच्या गोष्टींतही जागोजागी दिसतो.

कौटिल्याचं 'अर्थशास्त्र' हा यातला आणखी एक महत्त्वाचा ग्रंथ. दंडीला तो चांगलाच माहीत होता. अर्थशास्त्र शिक्षेबद्दल एक साधं सूत्र सांगतं. शिक्षा फार कडक असेल तर लोक धास्तावतात, फार मऊ असेल तर राजाला कुणी जुमानत नाही आणि योग्य तेवढी असेल तर त्याला मान मिळतो. शिक्षाच नसेल तर 'मात्स्यन्याय' सुरू होतो, म्हणजे मोठा मासा लहान माशाला गिळतो. आपल्या भाषेत, बळी तो कान पिळी.

नियम असे होते. आता दंडीच्या गोष्टीत प्रत्यक्षात काय होतं ते पाहू.

खटला पहिला: विहिरीत ढकललेला नवरा

त्रिगर्त देशात १२ वर्षांचा दुष्काळ पडतो. धन्यक नावाचा तरुण आपली बायको धूमिनी हिला घेऊन जंगलात पळतो आणि तिला कसंबसं जगवतो. वाटेत त्यांना हातपाय, नाक, कान तोडलेला एक माणूस सापडतो. धन्यक त्याचीही सेवा करतो. पुढे धूमिनीचं मन त्या माणसावर जडतं आणि ती पाणी काढायला गेलेल्या नवऱ्याला विहिरीत ढकलून देते.

त्या पांगळ्या माणसाला पाठीवर घेऊन ती गावोगाव फिरते. हा आपला नवरा असल्याचं सांगते. लोक तिला पतिव्रता म्हणून डोक्यावर घेतात. अवंतीचा राजाही तिचा सन्मान करतो.

इकडे धन्यक वाचतो आणि भटकत अवंतीलाच येतो. धूमिनी त्याला ओळखते आणि राजाला सांगते की, माझ्या नवऱ्याचे हातपाय तोडणारा दुष्ट हाच. राजा चौकशी न करता हालहाल करून मारण्याची शिक्षा फर्मावतो.

हात बांधलेल्या अवस्थेतही धन्यक धीर सोडत नाही. तो नेणाऱ्या अधिकाऱ्याला एकच विनंती करतो. मी ज्याचे हातपाय तोडले म्हणतात, त्यालाच विचारा. तो मला दोषी म्हणाला तर माझी शिक्षा योग्यच. अधिकारी विचार करतो, विचारायला काय हरकत आहे? पांगळा माणूस येतो, धन्यकाला पाहताच त्याच्या पायावर कोसळतो आणि रडत रडत सगळं खरं सांगतो.

संपूर्ण ग्रंथातला हा बहुधा सर्वांत महत्त्वाचा क्षण. यात देव येत नाही, जादू होत नाही. एका अधिकाऱ्याने साक्षीदाराला बोलावलं, इतकंच घडलं आणि एक जीव वाचला. ज्याच्यावर गुन्हा घडला त्याची साक्षच आधी कुणी घेतली नव्हती!

पुढची शिक्षा मात्र भयंकर आहे. राजा धूमिनीचा चेहरा विद्रूप करवतो आणि तिला कुत्र्यांसाठी अन्न शिजवायच्या कामाला लावतो. काही क्षणांपूर्वी चुकीच्या माणसाला मारायला निघालेला राजा आता तितक्याच घाईने दुसरी शिक्षा देतो. आपल्या चुकीचा हिशेब तो कुणालाही देत नाही.

खटला दुसरा: एक पैंजण आणि चेटकिणीचा आरोप

उज्जयिनीतल्या अनंतकीर्ती या व्यापाऱ्याची बायको नितंबवती. तिचं चित्र पाहून कलहकंटक नावाचा मथुरेचा लफंगा तिच्यामागे लागतो. ती दाद देत नाही. मग तो एक कट रचतो. स्मशानाच्या राखणदाराचं काम मिळवतो. मूल होण्यासाठीच्या विधीचं निमित्त करून नितंबवतीला रात्री बागेत बोलावलं जातं. अंधारात तो तिच्या पायातलं एक पैंजण काढतो, मांडीवर सुरीने ओरखडा काढतो आणि पळतो.

नंतर तेच पैंजण विकायला तो तिच्या नवऱ्याकडेच जातो. नवरा विचारतो, हे कुठून आणलं? तो म्हणतो, सांगेन, पण व्यापाऱ्यांच्या पंचायतीसमोर. पंचायत बसते. तिथे तो सांगतो की, स्मशानात एक बाई अर्धवट जळालेलं प्रेत ओढत होती, मी तिच्या मांडीवर सुरी मारली आणि तिच्या पायातलं पैंजण ओढून घेतलं.

दुसरं पैंजण नितंबवतीकडे आहे. मांडीवर जखमही आहे. गावाचा निकाल लागतो: ही चेटकीण आहे. नवरा तिला टाकून देतो. ती जीव द्यायला स्मशानात जाते आणि तिथे कलहकंटक तिची वाटच पाहत असतो.

या खटल्यात मुद्देमाल खरा आहे, जखम खरी आहे, फक्त त्यांना जोडणारी गोष्ट खोटी आहे. परिस्थितीजन्य पुराव्याचा धोका याहून सोप्या शब्दांत सांगता येणार नाही. आरोप करणारा आणि पुरावा आणणारा माणूस एकच आहे, हे पंचायतीतल्या कुणाच्या लक्षात आलं नाही. नितंबवतीला तर कुणी काही विचारलंच नाही.

खटला तिसरा: जादूच्या थैलीची चोरी

चंपा नगरीतला हा किस्सा सगळ्यात विनोदी आहे. अपहारवर्मा हा कुमार आणि त्याचा मित्र धनमित्र अफवा पसरवतात की, धनमित्राकडे सोनं देणारी एक चामड्याची थैली आहे. अट एकच: लुबाडलेलं धन ज्याचं त्याला परत केल्याशिवाय ती थैली सोनं देत नाही. खुद्द राजाचाही यावर विश्वास बसतो.

मग थैली 'चोरीला' जाते. संशय अर्थपती या श्रीमंत व्यापाऱ्यावर येईल, अशी व्यवस्था आधीच केलेली असते. विमर्दक नावाचा या दोघांचाच माणूस अर्थपतीकडे नोकरीला राहिलेला असतो आणि त्याने थैली चोरण्याची धमकी चारचौघांत दिलेली असते. चोरी झाल्यावर विमर्दक गायब. अर्थपती त्याला हजर करू शकत नाही, म्हणून तुरुंगात जातो.

पुढे ती थैली काममंजरी या गणिकेकडे निघते. दरबारात तिला विचारल्यावर, आधी शिकवल्याप्रमाणे ती अर्थपतीचं नाव घेते. राजा चिडतो आणि अर्थपतीला देहदंड द्यायला निघतो.

इथे फिर्यादी धनमित्रच मध्ये पडतो. तो राजाला आठवण करून देतो की, अशा गुन्ह्यांत व्यापाऱ्यांचा जीव घ्यायचा नाही, ही सवलत मौर्य राजांनी दिलेली आहे. हवं तर संपत्ती जप्त करा आणि हद्दपार करा. राजा ऐकतो. अर्थपती अंगावरच्या चिंध्यांनिशी देशाबाहेर जातो.

ही शिक्षा सौम्य वाटते, पण चोरी झालेलीच नव्हती. न घडलेल्या गुन्ह्यासाठी एक माणूस देशोधडीला लागला आणि दयाळू म्हणून कौतुक झालं ते कट रचणाऱ्याचं.

तुरुंगातला छळ आणि 'चोर सोडून संन्याशाला सुळी'

अपहारवर्मा स्वतः एकदा दारूच्या नशेत पहारेकऱ्यांशी भांडतो आणि पकडला जातो. तुरुंगाचा प्रमुख कांतक त्याला अठरा प्रकारच्या यातनांची धमकी देतो. हा आकडा दंडीने मनाने घेतलेला नाही. अर्थशास्त्रातही छळाचे अठरा प्रकार मोजलेले आहेत. कबुलीसाठी छळ करणं त्या काळी कायदेशीर होतं.

पण त्याच अर्थशास्त्रात छळाला मर्यादाही घातल्या आहेत. नुसत्या संशयावरून कुणाला पकडायचं असेल तर गुन्ह्यानंतर तीन रात्रींच्या आत. त्यानंतर, गुन्ह्याची हत्यारं सापडल्याखेरीज, पकडता येत नाही. लहान मुलं, वृद्ध, आजारी, वेडे, भुकेने-तहानेने थकलेले यांचा छळ करायचा नाही. गरोदर स्त्रीचा आणि बाळंतीण होऊन महिना न झालेल्या स्त्रीचा तर नाहीच. मर्यादा ओलांडणाऱ्याला आणि तसा हुकूम देणाऱ्याला सर्वांत वरच्या श्रेणीचा दंड. छळात माणूस मेला तरी तोच दंड. चोर नसलेल्याला चोर म्हणणाऱ्याला चोराइतकीच शिक्षा.

आणि तिथेच मांडव्य ऋषीचं उदाहरण दिलं आहे. मांडव्य चोर नव्हता. पण यातनांच्या भीतीने त्याने आपण चोर असल्याचं कबूल केलं. म्हणून पुरावा पूर्ण झाल्याशिवाय शिक्षा ठरवू नये, असं कौटिल्य बजावतो. महाभारतातला मांडव्य सुळावर चढवला जातो, कारण चोरांनी मुद्देमाल त्याच्या आश्रमात लपवलेला असतो. 'चोर सोडून संन्याशाला सुळी' ही मराठी म्हण या कथेवर तंतोतंत बसते.

स्मृतिकारांनीही मांडव्याची आठवण काढली आहे. नुसतं शास्त्र धरून, तर्क न वापरता खटला चालवला तर चोर साधू ठरतो आणि साधू चोर, असा त्यांचा इशारा आहे.

हत्तीच्या पायी देणं आणि डोळे काढणं

'हत्तीच्या पायी देणं' हा वाक्प्रचार मराठीत अजून आहे. दंडीच्या गोष्टींत ही शिक्षा दोनदा येते.

काशीत पूर्णभद्र नावाचा चोर रंगेहाथ पकडला जातो. मंत्री कामपालासमोर त्याच्यावर मृत्युविजय नावाचा हत्ती सोडला जातो. पूर्णभद्र असा काही लढतो की हत्तीच मागे फिरतो. कामपाल थक्क होऊन त्याला सोडतो आणि मित्र करून घेतो. शौर्य दाखवलं की गुन्हा माफ, हा या जगाचा एक अलिखित नियम.

दुसऱ्यांदा पाळी येते ती नायक राजवाहनावर. दूर डोंगरात तप करत बसलेल्या राजाचा निरोप येतो आणि सुनावणीशिवाय त्याला हत्तीसमोर उभं केलं जातं. ऐन वेळी त्याच्या पायातली चांदीची साखळी गळून पडते आणि तिची अप्सरा होते. ती शापामुळे साखळी झालेली असते. दंडीच्या जगात निर्दोष माणसाला वाचवायला कधी कधी खरोखरच चमत्कार लागतो.

त्याच कामपालावर पुढे स्वतः आरोपी व्हायची वेळ येते. ज्या सिंहघोषाला त्याने लहानपणी गादीवर बसवलं, त्याच राजाचे कान भरले जातात. कामपालाने आधीच्या राजाला विष दिलं आणि आता या राजालाही मारणार, असा आरोप होतो. चौकाचौकांत दवंडी पिटली जाते: गुन्हा काय, साक्षीदार कोण, न्यायाधीशांनी काय ठरवलं आणि इतर कुणी असं केलं तर काय होईल. शिक्षा डोळे काढण्याची.

डोळेच का? दवंडीत कारण दिलं आहे. राज्याचा लोभ धरणाऱ्या ब्राह्मणाला गाढ अंधारात टाकावं. प्रचलित पाठानुसार अर्थशास्त्रातला नियमही असाच आहे. ब्राह्मणाला मारायचं नाही, म्हणून 'अंधारात टाकणं'. दंडीच्या गोष्टीत त्याचा अर्थ होतो डोळे काढणं. नियमाचा शब्द पाळला, माणूस मात्र उद्ध्वस्त केला.

कामपालाचा मुलगा अर्थपाल ऐन वेळी बापावर विषारी साप सोडतो. बाप मेला असं समजून लोक पांगतात आणि मुलगा विष उतरवून त्याला वाचवतो. अपील करायला वरचं न्यायालयच नसेल तर माणसं असल्या युक्त्या शोधतात.

खोटं दिव्य: विषाची माळ

आठव्या प्रकरणात, म्हणजे विदर्भाच्या कथेत, दिव्याचीही पोल उघडी पडते. विदर्भाची विधवा राणी वसुंधरा आपल्या मुलांसह माहिष्मतीच्या मित्रवर्म्याकडे आसऱ्याला असते. तो तिच्या मुलाच्या जिवावर उठतो. विश्रुत हा कुमार तिला एक युक्ती सांगतो.

राणी एक माळ विषात बुडवते आणि ती मित्रवर्म्यावर फेकून मारते. म्हणते, मी खरी पतिव्रता असेन तर ही माळ तुझ्यावर तलवारीसारखी पडो. तो मरतो. मग तीच माळ विषावरचा उतारा मिसळलेल्या पाण्यात बुडवून ती मुलीच्या गळ्यात घालते. मुलीला काहीच होत नाही. लोकांची खात्री पटते की राणी खरी पतिव्रता.

कथेत राणीची बाजू न्यायाची आहे. पण दंडी वाचकाला पडद्यामागचं दाखवतो. देवाचा कौल म्हणून जो दिसला, तो विष आणि उतारा यांचा हिशेब होता.

विदर्भ का बुडाला?

आता मूळ गोष्टीकडे. विदर्भाचा राजा पुण्यवर्मा न्यायी होता. त्याचा मुलगा अनंतवर्मा हुशार, पण राज्यशास्त्रात त्याला रस नाही. म्हातारा मंत्री वसुरक्षित त्याला दंडनीती शिकण्याचा आग्रह करतो.

दरबारातला विहारभद्र नावाचा खुशमस्कऱ्या त्याची टर उडवतो. तो म्हणतो, राजाने शास्त्राप्रमाणे दिवस घालवायचा तर त्यातला एक भाग भांडणाऱ्या लोकांच्या तक्रारी ऐकण्यात जातो, कान किटतात. आणि इतकं करूनही न्यायाधीश मंडळी मनाला येईल तसा निकाल लावतात. पाप आणि बदनामी राजाच्या पदरी, पैसा त्यांच्या खिशात.

टीका बोचरी आहे आणि पूर्ण खोटीही नाही. पण विहारभद्राचा निष्कर्ष असा की, मग राजाने न्यायदानात लक्षच घालू नये. अनंतवर्म्याला ते पटतं. शेजारच्या अश्मक देशाचा राजा वसंतभानू आपला एक माणूस त्याच्याकडे पाठवतो. तो शिकार, जुगार, दारू यांचे फायदे पटवून देतो. अधिकारी सरकारी पैसा खाऊ लागतात. बलवान दुबळ्यांना मारतात, चोर मोकाट सुटतात. लोक रडत फिरतात, कारण कुणाचे नातेवाईक गेलेत, कुणाची संपत्ती.

आणि मग दंडी एक मार्मिक निरीक्षण नोंदवतो. अयोग्य रीतीने दिलेल्या शिक्षेमुळे प्रजेत एकाच वेळी भीती आणि संताप निर्माण झाला. वसंतभानूने हल्ला घडवून आणला तेव्हा मांडलिक राजे फितूर झाले. अनंतवर्मा मारला गेला.

मिराशींच्या मते पुण्यवर्मा म्हणजे वत्सगुल्मचा हरिषेण आणि अनंतवर्मा म्हणजे त्याचा वारस. हे पटो न पटो, दंडीचं निदान स्पष्ट आहे. राज्य शत्रूच्या सैन्याने संपवलं, पण आतून ते न्यायव्यवस्था सुटल्यामुळे पोकळ झालं होतं.

प्रत्यक्ष वाकाटकांचे पुरावे काय सांगतात?

गोष्ट बाजूला ठेवली तर वाकाटकांच्या राज्यातले अस्सल दस्तऐवज म्हणजे ताम्रपट. वाशिमला १९३९ मध्ये असा एक ताम्रपट सापडला. दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या कारकिर्दीच्या ३७व्या वर्षी वत्सगुल्महून तो दिला होता. त्यात एक गाव ब्राह्मणांना दान दिल्याचं संस्कृत आणि प्राकृत भाषेत लिहिलं आहे. वाकाटकांची वत्सगुल्म ही वेगळी शाखा होती, हे या ताम्रपटामुळेच कळलं.

गुन्ह्यांबद्दल सर्वांत बोलका पुरावा मात्र अचलपूरजवळच्या चम्मक गावी सापडला. तो वाकाटकांच्या थोरल्या शाखेच्या दुसऱ्या प्रवरसेनाचा. १,००० ब्राह्मणांना जमीन देताना राजाने अटी घातल्या आहेत. त्यांनी राज्याशी द्रोह करू नये, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार करू नये, राजाला विष देऊ नये, युद्ध पुकारू नये, दुसऱ्या गावांचं नुकसान करू नये. असं काही केलं, किंवा त्याला संमती दिली, तर राजाने जमीन काढून घेतली तरी ती चोरी ठरणार नाही.

म्हणजे ज्या वर्गाला कायद्याने सर्वाधिक सवलत होती, त्याच्यासाठीही शिक्षा आधीच लिहून ठेवली होती. कोणत्या कृत्यासाठी काय होईल, हे तांब्यावर कोरलेलं होतं.

आज काय बदललं?

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला. १ जुलै २०२४ पासून देशभर भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. दंडीच्या प्रत्येक खटल्याला आजच्या कायद्यात उत्तर आहे.

* धन्यक: आरोपीला साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याचा आणि बचावाचे साक्षीदार बोलावण्याचा हक्क आहे. एखाद्या अधिकाऱ्याच्या मनात आलं म्हणून मिळणारी ती मेहरबानी राहिलेली नाही.
* नितंबवती: परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी अखंड हवी आणि तिच्यातून आरोपी दोषी असण्याखेरीज दुसरा निष्कर्ष निघता कामा नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सांगितलं. एखाद्या बाईला चेटकीण ठरवून छळणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.
* अपहारवर्मा आणि मांडव्य: पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, असं संविधानाचं कलम २० सांगतं. अटक केलेल्याला २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावं लागतं.
* अर्थपती: सत्र खटल्यात दोष सिद्ध झाल्यावरही शिक्षा किती द्यायची यावर आरोपीचं म्हणणं वेगळं ऐकावं लागतं.
* कामपाल: सत्र न्यायालयाने फाशी दिली तरी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही. वाशिमसाठी ते मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ.

हे सगळं कागदावर आहे. पण कागदावरचे नियम दंडीच्या काळीही वाईट नव्हते. मांडव्याचा इशारा तेव्हाही लिहिलेला होता, तीन रात्रींची मर्यादाही होती. तरी त्याच्या गोष्टींत राजे रागाच्या भरात शिक्षा देतात, पंचायत एका पैंजणावर बाईचं आयुष्य संपवते आणि गर्दी माळेच्या खेळाला देवाचा कौल समजते.

एखादा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाहून कमेंटमध्ये 'याला चौकात फाशी द्या' असं लिहिणारी गर्दी त्या पंचायतीपेक्षा फार वेगळी नसते. पैंजण खरं असतं, जखमही खरी असते. ते पैंजण आणलं कुणी, एवढंच विचारायचं राहून जातं.